शाळा सुरू होताना पालकांनी करायचं पहिलं काम: जनरल रजिस्टरमधली नोंद, दाखले आणि शिष्यवृत्तीचे अर्ज

जून उजाडला की वह्या, पुस्तकं, गणवेश, रेनकोट आणि रिक्षावाल्या काकांच्या वेळा यांत घर बुडून जातं. राज्यात शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात उन्हामुळे जूनच्या अखेरीस. त्यानंतरचे पहिले काही आठवडे शाळेच्या कार्यालयात प्रवेश आणि दाखल्यांची गर्दी असते. या गर्दीत एक काम बहुतेक घरांतून राहून जातं. त्याला पैसे लागत नाहीत, वेळही फार लागत नाही. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या मूळ नोंदवहीत, आपल्या मुलाची किंवा मुलीची नोंद नेमकी काय आहे, हे पालकांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, एवढंच ते काम.

आठवी, नववी आणि दहावीच्या पालकांनी तर हे काम पुस्तकांच्याही आधी करावं, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. रजिस्टरमधली नोंद यूडायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन माहिती प्रणालीत जाते, तिथून दहावीच्या आवेदनपत्रात आणि मग बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आणि प्रमाणपत्रावर. पुढे पासपोर्ट, जात पडताळणी, नोकरी, सगळीकडे दहावीचं प्रमाणपत्र पुढे करावं लागतं. मूल शाळेत असताना चूक दुरुस्त करणं सरळ आहे. एकदा शाळा सुटली की तीच दुरुस्ती हेलपाट्यांची होते.

प्रवेश घेताना काय लागतं

नव्या शाळेत पाचवी, आठवी किंवा नववीला प्रवेश असेल तर आधीच्या शाळेचा मूळ दाखला, मागच्या वर्षाचं प्रगतिपुस्तक, मुलाचं आधार कार्ड, जन्माचा दाखला, फोटो आणि असेल तर जातीचा दाखला, एवढी कागदपत्रं शाळा मागते. बँक पासबुकाची प्रतही बरोबर ठेवा, शिष्यवृत्तीच्या वेळी लागते. परराज्यातून आला असाल तर तिथल्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच निघा. इथे आल्यावर फक्त त्या सहीसाठी परत जावं लागणं फार महागात पडतं.

दाखला मिळाला नाही म्हणून मुलाला घरी बसवू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 मधल्या कलम 5 नुसार आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही किंवा लांबवताही येत नाही. नववी-दहावीला तो कायदा लागू नाही, पण दाखल्याअभावी या वर्गांचाही प्रवेश अडवू नये, जन्मतारखेचा पुरावा पाहून वयानुरूप प्रवेश द्यावा, असे आदेश 2021 मध्ये शालेय शिक्षण विभागाने दिलेले आहेत. थकलेल्या फीसाठी दाखला अडवून ठेवल्याच्या तक्रारी त्या काळात खूप होत्या, त्यातून हे आलं. अशी वेळ आली तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलण्याचा पुढे काही उपयोग होत नाही.

नोंद कशी वाचायची

कार्यालयात जाऊन मुलाचा जनरल रजिस्टरमधला नंबर सांगा आणि नोंद दाखवायला सांगा. दाखला हातात असेल तर त्यावरही तोच मजकूर असतो, कारण दाखला रजिस्टरवरूनच लिहिला जातो. विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, आईचं नाव, धर्म, जात, पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख असे रकाने असतात. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून, जन्माचा दाखला शेजारी ठेवून वाचा.

सगळ्यात जास्त घोळ जन्मतारखेत होतो. अंकात 03/08/2011 असतं आणि शेजारी अक्षरात ‘आठ मार्च’ लिहिलेलं असतं. दिवस आणि महिना उलटे झाले की कोणती तारीख खरी, हा प्रश्न पुढे कायमचा मागे लागतो. दुसरा घोळ वडिलांच्या नावाचा. घरी सगळे ‘राजू’ म्हणतात म्हणून पहिलीच्या प्रवेशाला कोणीतरी ‘राजू’ सांगितलेलं असतं आणि वडिलांच्या आधारवर मात्र ‘राजेंद्र’. जन्मस्थळात फक्त गाव असतं, तालुका-जिल्हा कोरा. तो कोरा रकाना आज किरकोळ वाटतो, पण पुढे कागदपत्रांच्या तपासणीत त्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं.

इंग्रजी स्पेलिंग वेगळं तपासा. मराठीत ‘भोसले’ एकच, पण इंग्रजीत ‘एल’च्या आधी ‘ए’ आहे की नाही, यावरून आधार आणि शाळेची नोंद जुळत नाही आणि संगणक अर्ज पुढे सरकू देत नाही. ‘चौधरी’, ‘गायकवाड’, ‘देशमुख’ या आडनावांच्या घरांनीही हे जरूर पाहावं.

आईच्या नावाबद्दल पालक हल्ली नेहमी विचारतात. 2024 मध्ये शासनाने स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम ठरवला, तो 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी आहे. आज माध्यमिक शाळेत असलेल्या मुलांची नावं त्यासाठी बदलावी लागत नाहीत. त्यांच्या दाखल्यावर आईच्या नावाचा रकाना वेगळा असतो. तो भरलेला आहे आणि बरोबर भरलेला आहे, एवढं पाहा.

दहावीच्या पालकांसाठी आणखी एक टप्पा असतो. आवेदनपत्रं भरून झाल्यावर बोर्डाकडून शाळेला प्री-लिस्ट येते. त्यात नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात प्रवर्ग, विषय आणि माध्यम छापलेलं असतं. मूल वर्गात घाईघाईने सही करून मोकळं होतं. ती यादी शक्यतो पालकांनी शाळेत येऊन वाचावी.

चूक सापडली तर

मूल शाळेत शिकत असतानाच अर्ज करायचा, हा माध्यमिक शाळा संहितेचा, म्हणजे शाळांच्या नियमपुस्तकाचा गाभा आहे. नाव, आडनाव, जात, जन्मतारीख यांत बदल हवा असेल तर पालक मुख्याध्यापकांकडे अर्ज करतात आणि शाळा तो प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवते. मुंबईत हे काम शिक्षण निरीक्षकांकडे असतं. मंजुरीचं पत्र आल्यावरच रजिस्टरमध्ये लाल शाईने दुरुस्ती होते आणि शेऱ्यात पत्राचा क्रमांक-दिनांक येतो. मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात खाडाखोड करू शकत नाहीत. त्यांनी ‘नाही’ म्हटलं म्हणून त्यांच्यावर रागावू नका, ते नियमाने वागत आहेत.

प्रस्तावासोबत पालकांचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, जन्माचा दाखला, आधार आणि सध्याच्या शाळेचा रजिस्टर उतारा लागतो. यात सगळ्यात वजनदार कागद असतो पहिल्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे तिथल्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल. मूल जिथे पहिलीत गेलं त्या प्राथमिक शाळेत जाऊन तो आधी मिळवा. चूक त्याच शाळेत झाली असेल तर दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी लागते, नाहीतर प्रस्ताव त्रुटी काढून परत येतो.

जन्माच्या दाखल्यावर मुलाचं नावच नसणं, हेही खूप घरांत आढळतं. दवाखान्यातून नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं, म्हणून ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच लिहिलं गेलं. नाव नोंदवण्यासाठी जन्मनोंदणीपासून 15 वर्षांची मुदत असते. नववी-दहावीतलं मूल नेमकं त्या मुदतीच्या काठावर असतं. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कक्षात हे काम होतं. याला खरोखर उशीर करू नका.

आधार, पेन आणि अपार

पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाचे बोटांचे ठसे, बुबुळ आणि फोटो आधारमध्ये पुन्हा द्यावे लागतात. 15 ते 17 या वयात हे विनामूल्य होतं. ते केलं नाही तर ठसे जुळत नाहीत आणि प्रवेश परीक्षेच्या किंवा शिष्यवृत्तीच्या पडताळणीत अडतं. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, नाव दोनदा. म्हणून आधी जन्माचा दाखला पक्का करा आणि मगच त्याप्रमाणे आधार करा. उलट क्रमाने गेलात तर ती एक संधी वाया जाते.

प्रत्येक विद्यार्थ्याला यूडायसमध्ये 11 अंकी पेन (पर्मनंट एज्युकेशन नंबर) क्रमांक असतो. अपार हा देशभर चालणारा 12 अंकी विद्यार्थी ओळख क्रमांक त्याहून वेगळा, तो पालकांच्या लेखी संमतीने तयार होतो. अपार तयार होत नसेल तर बहुतेक वेळा आधार आणि शाळेची नोंद यांत फरक असतो. वर्गशिक्षकांनी संमतिपत्र दिलं असेल तर ते कपाटात ठेवून देऊ नका.

उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो, अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात. त्याची मुदत 31 मार्चपर्यंतच असते, त्यामुळे मागच्या वर्षीचा चालत नाही. जूनमध्ये काढून ठेवला की वर्षभराच्या सगळ्या अर्जांना पुरतो. या दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राला शासनाने मुद्रांक शुल्क माफ केलेलं आहे, साधा कागद चालतो. कोणी 500 रुपयांचा मुद्रांक आणायला सांगितला तर शांतपणे कारण विचारा. अर्जाची पावती मात्र न विसरता घ्या.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून म्हणजे प्रांत कार्यालयातून मिळतो. त्यासाठी विशिष्ट तारखेच्या आधीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागास वर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा उतारा किंवा गाव नमुना 14 मधली जन्म-मृत्यूची नोंद शोधावी लागते. जुनी कागदं जीर्ण असतात, मोडीत असतात, कधी दुसऱ्याच तालुक्यात असतात. आठवीत शोध सुरू केला तर निवांत होतो. बारावीनंतर प्रवेशाच्या रांगेत उभं राहून पणजोबांचा उतारा शोधण्याची वेळ कोणावर येऊ नये.

आठवीसाठी: एनएमएमएस

एनएमएमएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती. माध्यमिक शाळेतली सगळ्यात मोलाची शिष्यवृत्ती मला हीच वाटते आणि खेड्यापाड्यांतल्या अनेक पालकांना तिचा पत्ताच नसतो. आठवीत परीक्षा द्यायची, निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत किमान 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना 50. शाळा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय आणि निवासी शाळांतल्या मुलांना बसता येत नाही. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता अशा 90-90 गुणांच्या दोन चाचण्या असतात आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. अर्ज शाळेमार्फतच जातो, म्हणून वर्गशिक्षकांना जुलैतच सांगून ठेवा. परीक्षेत पात्र ठरूनही निवड न झालेल्या मराठा आणि कुणबी समाजातल्या मुलांसाठी सारथी संस्थेची वर्षाला 9,600 रुपयांची शिष्यवृत्ती आहे.

निवड झाल्यावर दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. पैसे अडकतात ते इथे आणि बँकेत. खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर हवं. बँकेने ‘आधार लिंक आहे’ म्हटलं तरी ते पुरेसं नसतं, त्या खात्याचं आधार सीडिंग म्हणजे थेट लाभासाठीची नोंद झालेली हवी. अशी नोंद एका वेळी एकाच बँकेत राहते. नवं खातं काढताना तिथे संमती दिली तर पैसे तिकडे वळतात आणि जुन्या पासबुकात वाट पाहत बसावं लागतं.

उरलेलं थोडक्यात

बाहेरगावाहून येणाऱ्या मुलांना एसटीच्या पासात 66.67 टक्के सवलत आहे आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत. 2025 पासून शाळेने यादी दिली की पास शाळेतच देण्याची सोय एसटीने सुरू केली आहे, तेव्हा मुख्याध्यापकांना यादी गेली का ते विचारा.

दहावीला बसण्यासाठी 75 टक्के हजेरी लागते. लग्नसराई, सुगी, जत्रा यांचे दिवस मोजायला पालक विसरतात. आजारपण असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात द्या. चित्रकलेची आवड असलेल्या मुलांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांचं वेळापत्रक कलाशिक्षकांना विचारावं, इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीत वाढीव गुण मिळतात.

खासगी शाळेत फीचा प्रश्न असेल तर 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा आणि त्याची कार्यकारी समिती सोडत काढून निवडायला हवी. नाव द्या, सभेला जा.

मुलाला वाचायला, लिहायला, आकडेमोडीला फार त्रास होत असेल, ऐकू कमी येत असेल किंवा दिसत कमी असेल, तर ते लपवू नका. दिव्यांग विद्यार्थ्यांना बोर्ड परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि इतर सवलती मिळतात आणि त्यात अध्ययन अक्षमताही येते. त्यासाठी शासनमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, तपासण्यांना अनेकदा जावं लागतं आणि शाळेचा प्रस्ताव विभागीय मंडळाकडे वेळेत पोचावा लागतो. दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ करण्यापेक्षा नववीच्या जूनमध्ये वर्गशिक्षकांशी बोला आणि रुग्णालयातली पहिली तारीख घेऊन ठेवा.