घरच्या स्टुडिओतील मिडी सिक्वेन्सर : निवडीमागची चार दशके

घरच्या घरी संगीत रचून ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्या माणसापुढे आज क्यूबेस, लॉजिक प्रो, एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, रीपर, केकवॉक अशी मिडी सिक्वेन्सर सॉफ्टवेअरची बरीच नावे असतात. यांतले कोणते घ्यावे हे बहुधा सुविधांच्या याद्या समोर ठेवून ठरवले जाते. परंतु या याद्या आता इतक्या सारख्या झाल्या आहेत की त्यांवरून फारसे काही कळत नाही. प्रत्येक सॉफ्टवेअरची मांडणी, त्याची बलस्थाने आणि त्याच्या भवितव्याची शाश्वती समजून घ्यायची असेल, तर ते कोणत्या काळात, कोणत्या यंत्रासाठी आणि कोणत्या प्रकारच्या संगीतकारासाठी जन्माला आले, याकडे पाहावे लागते.

सिक्वेन्सर म्हणजे स्वरांचा क्रम नोंदवून तो वाद्याकडून आपोआप वाजवून घेणारे साधन. संगणकावर येण्याआधी तो स्वतंत्र यंत्राच्या रूपात होता. रोलँडने 1977 मध्ये बाजारात आणलेल्या एमसी-8 या यंत्रात प्रत्येक स्वराची उंची आणि लांबी आकड्यांनी भरावी लागे. मात्र एका कंपनीचा सिक्वेन्सर दुसऱ्या कंपनीचा सिंथेसायझर वाजवू शकेलच, याची खात्री नसे. ही अडचण सोडवण्यासाठी सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी 1981 मध्ये सर्व उत्पादकांसाठी एका सामाईक जोडणीचा प्रस्ताव मांडला, आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्यासह जपानी कंपन्यांनी तो पुढे नेला. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतील नॅम या वाद्य-उद्योगाच्या प्रदर्शनात प्रॉफेट-600 आणि ज्युपिटर-6 ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडून वाजवून दाखवण्यात आली, आणि त्याच वर्षी या सामाईक जोडणीचे, म्हणजे मिडी 1.0 चे, मानक प्रसिद्ध झाले. या केबलमधून आवाज जात नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढ्या सूचनाच सेकंदाला 31,250 बिट या वेगाने जातात. सूचना इतक्या हलक्या असल्यामुळेच त्या काळच्या तुटपुंज्या मेमरीच्या घरगुती संगणकांनाही संपूर्ण रचना साठवता आली. आपल्याकडील ऑर्केस्ट्रांत आणि वाद्यवृंदांत पुढे घट्ट रुजलेल्या ऑक्टोपॅडचे 1985 मधील पहिले रूपही मुळात असाच मिडी सूचना पाठवणारा संच होता. त्याचा स्वतःचा आवाज नव्हता.

त्याच 1985 मध्ये आलेल्या अटारी एसटी या संगणकाने पुढची दिशा ठरवली, कारण त्यात मिडीच्या जोडण्या कारखान्यातूनच बसवलेल्या होत्या आणि वेगळे कार्ड घेण्याचा खर्च वाचत होता. युरोपातील घरगुती स्टुडिओंनी तो उचलून धरला आणि जर्मनीत दोन प्रतिस्पर्धी घराणी उभी राहिली. कार्ल स्टाइनबर्ग आणि मान्फ्रेड र्युरुप यांच्या स्टाइनबर्ग कंपनीने कमोडोर 64 साठी प्रो-16, मग अटारीसाठी प्रो-24 आणि 1989 मध्ये क्यूबेस आणले. सी-लॅबने क्रिएटर आणि त्याला स्वरलेखनाची जोड देणारे नोटेटर आणले. त्याच्याच निर्मात्यांनी पुढे इमॅजिक स्थापन करून लॉजिक घडवले. सुरुवातीचे बरेच सिक्वेन्सर लहान-लहान पॅटर्न एकापुढे एक क्रमाने लावण्याच्या पद्धतीवर चालत. क्यूबेसने त्याऐवजी काळ डावीकडून उजवीकडे सरकतो आणि एकेक वाद्य एकाखाली एक येते, अशी मांडणी पडद्यावर आणली. संपूर्ण गाणे एका दृष्टिक्षेपात दिसू लागले. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत परिणामकारक बदल हाच आहे, कारण आज जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर उघडल्यावर तीच मांडणी समोर येते.

अमेरिकेत हा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. मॅकिंटॉशवर मार्क ऑफ द युनिकॉर्नचे परफॉर्मर आले, तर डॉसवर चालणाऱ्या संगणकांसाठी ग्रेग हेंडरशॉट यांनी 1987 मध्ये केकवॉक लिहिले. ऑपकोड कंपनीच्या स्टुडिओ व्हिजनने 1990 मध्ये मिडी आणि ध्वनिमुद्रण एकाच पडद्यावर आणले.

घरच्या स्टुडिओचे अर्थकारण मात्र खऱ्या अर्थाने बदलले ते 1996 पासून. त्या वर्षी स्टाइनबर्गने क्यूबेसमध्ये व्हीएसटी प्लगइनची, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरच्या आत जोडता येणाऱ्या छोट्या कार्यक्रमांची, पद्धत आणली आणि तिचा तपशील इतर विकसकांनाही खुला केला. पुढच्या वर्षी आलेल्या एएसआयओ ड्रायव्हरमुळे पट्टी दाबणे आणि आवाज येणे यांतला विलंब आटोक्यात आला, आणि 1999 च्या सुधारणेनंतर वाद्येसुद्धा प्लगइनच्या रूपात सिक्वेन्सरच्या आत बसू लागली. तोवर मिडी सिक्वेन्सर घेणे म्हणजे त्याच्या जोडीला आवाज निर्माण करणारे ध्वनी मॉड्यूल, मिक्सर आणि केबलींचे जाळे घेणे होते. त्यानंतर एक संगणक, एक ऑडिओ इंटरफेस आणि एक की-बोर्ड पुरेसा झाला.

याच सुमारास दुसऱ्या परंपरेतील दोन कार्यक्रम आले. बेल्जियममधील इमेज-लाइनचे फ्रूटीलूप्स 1997 मध्ये निघाले आणि 2003 मध्ये त्याचे नाव एफएल स्टुडिओ झाले. त्याचा पाया ड्रम मशीनसारख्या पायऱ्यांच्या सिक्वेन्सरचा आहे, आणि ज्याची रचना ठेक्यापासून सुरू होते त्याला ते आजही सोपे जाते. बर्लिनमध्ये 2001 साली आलेले एबलटन लाइव्ह मंचावर वाजवण्यासाठी घडवलेले होते. त्यात मिडी सिक्वेन्सिंग 2004 मधील चौथ्या आवृत्तीपासून आले. स्वरलेखन करून रचना करणाऱ्याला क्यूबेस किंवा लॉजिक जवळचे वाटते, त्याचे कारणही असेच त्यांच्या वंशावळीत आहे.

निवड करताना मालकीचा इतिहास सहसा कोणी पाहत नाही, आणि तो पाहायलाच हवा असे मला वाटते. ॲपलने 2002 मध्ये इमॅजिक विकत घेतले आणि लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद केली. अनेक वर्षांचे काम त्या आवृत्तीत असलेल्या लोकांना संगणक तरी बदलावा लागला किंवा सॉफ्टवेअर तरी. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीने 1998 मध्ये ऑपकोड घेतले आणि त्यानंतर त्याचा विकास थांबला. त्याच गिब्सनने 2013 मध्ये केकवॉक घेतले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये त्याचे काम थांबवत असल्याचे जाहीर केले. 2018 मध्ये बँडलॅबने ते विकत घेऊन मोफत उपलब्ध केले, म्हणून ते वाचले. याउलट जस्टिन फ्रँकेल यांचे रीपर लहान कंपनीचे आणि माफक परवाना-शुल्काचे असूनही 2006 च्या पहिल्या पूर्ण आवृत्तीपासून त्याच हातांत राहिले आहे. तेव्हा कंपनीचा आकार ही टिकाऊपणाची हमी मानता येत नाही. 1988 मध्ये ठरलेला स्टँडर्ड मिडी फाइल हा प्रकार आजही ही सर्व सॉफ्टवेअर वाचतात, त्यामुळे प्रत्येक पूर्ण झालेल्या रचनेची त्या स्वरूपातली प्रत वेगळी ठेवणे शहाणपणाचे ठरते.

आपल्या संगीतासाठी या प्रतीत एक बाब जपावी लागते. मिडी बारा स्वरांच्या पियानोवरून आखलेले असल्यामुळे हार्मोनियमचे वादन त्यात सहज उतरते, परंतु एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणारी मींड पिच बेंड या, स्वराची उंची वर-खाली सरकवणाऱ्या, सूचनेच्या साहाय्याने घ्यावी लागते. पिच बेंडला 16,384 पायऱ्या आहेत, मात्र बहुतेक वाद्यांत त्याची मूळ मर्यादा वर-खाली प्रत्येकी दोन अर्धस्वरांची असते, तर षड्जापासून पंचमापर्यंतच्या मींडेला सात लागतात. शिवाय एका चॅनलवर, म्हणजे मिडी सूचनांच्या एका वाहिनीवर, पिच बेंड सर्व स्वरांना एकदमच लागू होतो. म्हणजे तानपुऱ्यासारखा स्थिर स्वर आणि हलता स्वर एकाच चॅनलवर ठेवता येत नाहीत. 2018 मध्ये मानक झालेल्या एमपीई पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनल देऊन ही अडचण दूर केली आहे. एबलटन लाइव्हमध्ये ती 2021 च्या अकराव्या आवृत्तीत आली. म्हणून सॉफ्टवेअर ठरवण्यापूर्वी त्याच्या चाचणी आवृत्तीत एक लांब मींड वाजवून तिची मिडी फाइल काढावी आणि ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावी. बेंडची मर्यादा सांगणारी सूचना फाइलमध्ये लिहिली गेली नसेल, तर सात अर्धस्वरांची मींड तिथे दोनांतच आटोपते आणि पंचम लागतच नाही.