ब्रँच आणायची म्हणून फोल्डर का उडवता?

गेल्या आठवड्यात लातूरच्या आमच्या ऑफिसात एका पोराचं दोन दिवसांचं काम गेलं. आम्ही फायलींमधला प्रत्येक बदल ‘गिट’ या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवून ठेवतो. नांदेडला बसणाऱ्या सहकारीणबाईंनी ‘भाव-तक्ता’ नावाची नवी ब्रँच, म्हणजे कामाची वेगळी शाखा, रिमोटवर, म्हणजे सर्व्हरवरच्या सामायिक प्रतीवर, पुश केली (चढवली) होती. “दादा, मला ती दिसंनाच,” म्हणत त्यानं अख्खं फोल्डर उडवलं आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सगळा रिपो (इतिहासासकट कामाचा साठा) नव्यानं क्लोन करायला, म्हणजे उतरवून घ्यायला, लावला. त्याचे पुश न केलेले कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेले बदल, फोल्डरबरोबरच गेले. ‘गिट फेच’ ही रिमोटवरचं नवं आणणारी कमांड मारली तर आपलं लिहिलेलं पुसलं जाईल, अशी त्याची भीती होती.

फेच आपल्या चालू फायलींना हातही लावत नाही. ते काय करतं हे मोंढ्यातल्या माणसाला लवकर कळेल.

समजा, एकाच आडतीच्या रोजकीर्दीच्या दोन प्रती आहेत, एक लातूरला, एक नांदेडला. नांदेडची पुढे गेली आहे. मुनीम सगळी वही उतरवत बसत नाही. तो आपल्या शेवटच्या पानापासून मागं जात विचारतो, हे पान तुमच्याकडं आहे का? जुळलं की त्याच्या पुढचीच पानं उतरवायची. फेचमध्ये हेच घडतं. सर्व्हर आधी प्रत्येक ब्रँचचं नाव आणि तिच्या टोकाच्या कमिटचा क्रमांक सांगतो. आपलं मशीन म्हणतं, हा क्रमांक हवा, हे माझ्याकडं आहेत. मग फक्त फरक दाबून, बांधून येतो.

पण एक पान जुळलं म्हणून मागची सगळी जुळली, हे कशावरून? मला गिटमधलं सर्वांत आवडतं ते इथंच आहे. कमिटचा क्रमांक कुणी देत नाही, तो मजकुरातूनच काढला जातो. फायलींची स्थिती, लेखक, वेळ, संदेश आणि आधीच्या कमिटचा क्रमांक, हे सगळं एसएचए-१ या गणितातून गाळून 40 अक्षरं निघतात. आधीचा क्रमांक पुढच्यात मुरलेला असल्यानं दहा वर्षांपूर्वीचा एक स्वल्पविराम बदलला तरी त्यानंतरचे सगळे क्रमांक बदलतात. म्हणून एक जुळला की त्याच्या मागचा सगळा इतिहास जुळला. 2005 साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी (कर्नलसाठी) गिट लिहिलं, तेव्हापासून हीच मांडणी आहे.

तीच कमांड तीनदा मारा, मशीन बंद करून चालू करा, असले तोडगे आमच्याकडं सर्रास सांगतात. त्यानं काही होत नाही. ब्रँच दिसत नव्हती, कारण रिमोटवर काय नवं आलंय हे त्या मशीननं विचारलंच नव्हतं.

फेच झालं की ब्रँच ‘ओरिजिन/भाव-तक्ता’ या नावानं वेगळी ठेवली जाते (‘ओरिजिन’ हे रिमोटचं नेहमीचं नाव). मग आपलं अर्धवट काम कमिट करून ‘गिट स्विच भाव-तक्ता’ म्हणत त्या ब्रँचवर जायचं. त्या नावाची ब्रँच आपल्याकडं नसेल, तर रिमोटवरच्या ब्रँचवरून गिट ती तयार करतं.

काल त्या पोराला ‘डॉट गिट’ या गिटच्या लपलेल्या फोल्डरमध्ये नेऊन ती नवी ब्रँच उघडून दाखवली. 41 बाइटची फाईल होती. टोकाच्या कमिटच्या क्रमांकाची 40 अक्षरं आणि ओळ संपल्याची एक खूण.