शालेय लसीकरण

आरोग्यसेवेचे पथक शाळेत येऊन, शाळेच्या वेळेत मुलांना व किशोरवयीनांना विनामूल्य लस देते, त्या व्यवस्थेला शालेय लसीकरण म्हणतात. लशीचा आणि पथकाचा खर्च बहुधा सरकार उचलते. शाळा जागा देते, वर्गवार याद्या देते आणि पालकांपर्यंत निरोप पोचवते. शाळाप्रवेशासाठी लसीकरणाचा दाखला मागणे ही निराळी गोष्ट आहे, पण या दोहोंची गल्लत नेहमी होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५५ मध्ये देवीची लस शाळाप्रवेशासाठी सक्तीची केली. तो प्रवेशाचा नियम होता, शाळेत लस देण्याची सोय नव्हे.

तान्ह्या बाळाला लशीसाठी दवाखान्यात नेण्याची घरच्यांना सवय असते. मूल शाळेत जाऊ लागले की ती सुटते. दहा-बारा वर्षांचे धडधाकट मूल डॉक्टरकडे क्वचितच जाते आणि नेमक्या याच वयात धनुर्वात-घटसर्पाची बूस्टर मात्रा व एचपीव्ही लस द्यायची असते, काही देशांत मेंदूज्वराच्या एका प्रकाराविरुद्धची मेनिंगोकोकल लसही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला आळा घालणारी एचपीव्ही लस विषाणूशी संपर्क येण्याआधी दिली तरच तिचा पुरेपूर उपयोग होतो, म्हणून वयाला इतके महत्त्व. दवाखान्यात लस फुकट मिळत असली तरी पालकांचा कामाचा दिवस बुडतो आणि येण्याजाण्याचा खर्च होतो. शाळेत लस मिळाली की तोही वाचतो.

१९५४ मध्ये साल्क यांच्या पोलिओ लशीची चाचणी अमेरिकेत मुख्यतः शाळांमधूनच झाली. तीत सुमारे १८ लाख मुले सहभागी होती. ब्रिटनमध्ये १९५३ ते २००५ या काळात किशोरवयीन विद्यार्थ्यांना क्षयरोगाविरुद्ध बीसीजी दिली जाई. जपानने १९६० च्या दशकात शाळकरी मुलांना इन्फ्लुएन्झाची लस देण्यास सुरुवात केली आणि १९९४ मध्ये तो कार्यक्रम थांबवला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार या लशीमुळे तेथील वृद्धांचे मृत्यू घटले होते आणि कार्यक्रम थांबल्यावर ते पुन्हा वाढले. त्या आकडेमोडीवर पुढे वाद झाले, पण मुलांमधला प्रसार रोखला की घरातली म्हातारी माणसेही वाचतात, या विचाराला तिने मोठे बळ दिले. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये आणि ब्रिटनने २००८ मध्ये मुलींसाठी एचपीव्ही लस शाळांतून सुरू केली. पुढे दोन्ही देशांत मुलग्यांनाही ती मिळू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या लशीची एकच मात्रा पर्याय म्हणून मान्य केली. शाळांच्या दृष्टीने हा फार मोठा दिलासा होता, कारण दुसऱ्या फेरीला गैरहजर राहणाऱ्यांचा माग काढणे हे सगळ्यांत किचकट काम.

लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. उन्हापासून जपायचे हे सर्वांना ठाऊक असते, पण एचपीव्ही किंवा धनुर्वाताची लस गोठली तरी निकामी होते, हे आइसपॅक भरताना विसरले जाते. लस घेतल्यावर मुलांना साधारण १५ मिनिटे बसवून ठेवतात. तीव्र अ‍ॅलर्जी अत्यंत दुर्मीळ असली तरी अ‍ॅड्रेनॅलिन हे औषध हाताशी लागतेच. सुईच्या धसक्याने चक्कर येणे मात्र किशोरवयात नेहमीचे, आणि एकीला आली की रांगेतल्या आणखी दोघींना येते. म्हणून रांग लहान ठेवणे आणि टोचण्याची जागा आडोशाला असणे हा व्यवस्थेचाच भाग मानावा. कोलंबियातील एल कार्मेन दे बोलीव्हार येथे २०१४ मध्ये एचपीव्ही लशीनंतर शेकडो मुलींना चक्कर, हातापायांना मुंग्या असा त्रास झाला. हा सामूहिक मानसिक ताणाचा परिणाम असल्याचा निष्कर्ष तेथील आरोग्य यंत्रणेच्या चौकशीत निघाला. मुलींचा त्रास खोटा नव्हता, लस त्याचे कारण नव्हती. पण तोवर त्या मुलींच्या चित्रफिती देशभर फिरल्या होत्या आणि लस घेणाऱ्यांचे प्रमाण कोसळले.

एवढी तयारी करूनही गाडी अडते ती बहुतेक वेळा संमतीपत्रावर. पत्र घरी गेले म्हणजे वाचले गेले असे नाही. ते दप्तराच्या तळाशी राहते आणि सही न आलेले मूल नकार दिलेल्यांच्या खात्यात जमा होते. काही ठिकाणी नकार कळवला नाही तर संमती गृहीत धरतात. त्याने आकडे वाढतात, पण नंतर शंका निघाल्यास विश्वासाला तडा जाण्याचा धोका असतो. इंग्लंडमध्ये १९८५ च्या गिलिक खटल्यातील निकालामुळे, पुरेशी समज असलेले सोळा वर्षांखालील मूल स्वतः संमती देऊ शकते. प्रत्यक्षात पालकांचा विरोध असताना परिचारिका हा अधिकार वापरू देण्यास कचरतात.

शाळेत नसलेली मुले या व्यवस्थेतून साहजिकच निसटतात आणि आरोग्यसेवेपासून दूर असलेली मुले पुष्कळदा तीच असतात. रवांडाने २०११ मध्ये एचपीव्ही लस प्राथमिक शाळेच्या सहाव्या इयत्तेत दिली आणि शाळाबाह्य मुलींना शोधण्याचे काम गावोगावच्या आरोग्यसेवकांवर सोपवले. पहिल्याच वर्षी ९० टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत लस पोचली.