बेकारी भत्त्याच्या अटी आल्या कुठून?

नोकरी गेल्यावर भत्त्यासाठी अर्ज करायला गेलं, की असा भत्ता देणाऱ्या बऱ्याच देशांत पहिला प्रश्न ठरलेला: काढलं, की तुम्हीच सोडलीत? मग सुरुवातीचे काही दिवस बिनपैशाचे, भत्त्याला आठवड्यांची मर्यादा, रोजगार कार्यालयात नोंदणी. अर्जदाराला हा निव्वळ छळ वाटतो. पण या अटींना शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

त्याआधी मदत म्हणजे दानधर्मच. इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्याचं सूत्र असं, की मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत कमी मजुरीवर राबणाऱ्यापेक्षाही वाईट असावी. धडधाकट माणसाने हात पसरला तर त्याची रवानगी 'वर्कहाउस'मध्ये, म्हणजे राबवून घेऊन जेमतेम पोसणाऱ्या गरीबगृहात. मंदीत कारखाना बंद पडला काय आणि माणूस कामचुकार निघाला काय, कायद्याच्या लेखी दोघे सारखेच.

हा हिशेब विम्याने, म्हणजे कामगारांनी आधीच वर्गणी भरून, बदलायचा पहिला सक्तीचा प्रयत्न स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन शहराने १८९५ मध्ये केला, आणि तो सपशेल फसला. पैसे उचलले ते मुख्यतः हंगामी कामगारांनी. बारमाही काम असलेले कुरकुरू लागले, की यांच्यासाठी आम्ही का भरायचं? १८९७ मध्ये योजना गुंडाळली गेली. बेल्जियममधल्या गेंट शहराने १९०१ मध्ये वेगळी वाट धरली: कामगार संघटना आपल्या बेकार सभासदांना जे पैसे देत होत्या, त्यात नगरपालिकेने भर घालायची. खरा बेकार कोण आणि सोंग घेणारा कोण, हे सोबतच्या कामगारांइतकं कोणाला कळणार? डेन्मार्क आणि स्वीडनमधले बेकारी फंड आजही याच वळणाचे आहेत.

ब्रिटनने १९११ मध्ये राष्ट्रीय पातळीवर सक्तीचा विमा आणला, तोही फक्त बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती अशा मोजक्या धंद्यांपुरता. कामगार, मालक आणि सरकार असे तिघे वर्गणी भरणार. भत्ता आठवड्याला ७ शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त १५ आठवडे. पहिला आठवडा कोरडा. सबळ कारणाशिवाय नोकरी सोडली किंवा गैरवर्तनामुळे गेली, तर सहा आठवडे काही नाही. आजच्या अर्जावरचे प्रश्न इथे जसेच्या तसे सापडतात. ७ शिलिंगांत घर चालत नसे, आणि ते चालावं असा हेतूही नव्हता. पण वर्गणी भरलेली असल्यामुळे ते पैसे भीक नव्हती, हक्क होता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी हीच.

विम्याचं गणित मात्र थोड्या काळाच्या बेकारीसाठी मांडलेलं होतं. महामंदीत लोक वर्षानुवर्षं घरी बसले आणि ते कोलमडलं. जर्मनीने १९२७ मध्ये आणलेल्या विम्याच्या वर्गणीवरून मार्च १९३० मध्ये चान्सलर हेर्मान म्युलर यांचं सरकार पडलं. भत्त्यातल्या कपातीवरून ऑगस्ट १९३१ मध्ये ब्रिटनमधलं मजूर पक्षाचं सरकारही. त्यानंतर ब्रिटनमध्ये आली ती बदनाम 'मीन्स टेस्ट', म्हणजे घरच्या उत्पन्नाची तपासणी. विम्याची मुदत संपलेल्याच्या घरी अधिकारी जायचा, मुलाची कमाई मोजायचा आणि त्यानुसार भत्ता कापला जायचा. कमावत्या मुलाने वेगळी खोली घेऊन राहणं हा त्यावरचा उपाय ठरला!

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने १९३२ च्या कायद्यात ओझं मालकावर टाकलं: जो जास्त माणसं काढेल, त्याला जास्त भरावं लागेल. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर अशा योजना देशभर पसरल्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ च्या करारात बेकारी भत्त्याची किमान पातळी आधीच्या वेतनाच्या ४५ टक्के धरलेली आहे.

घरभाड्यातली मदत किंवा फीमाफी यांसारख्या सवलतींचा वंश बहुतेक ठिकाणी वेगळा. त्या विम्यातून नाही, तर उत्पन्न तपासून मदत देण्याच्या जुन्या परंपरेतून आल्या. म्हणूनच भत्त्याच्या खिडकीवर नोकरीची आणि वर्गणीची नोंद मागतात, आणि सवलतीच्या खिडकीवर घरात आणखी कोण कमावतं ते विचारतात.