पूर्वकथा आणि वळण: पिठाचा डबा माळ्यावर का चढतो

शनिवारी संध्याकाळी सांगलीत आमच्या घरी सहा-सात जण कथा वाचायला बसतात. मागच्या पावसाळ्यात एका मुलीनं आपली कथा आणली होती. नायिका वैशाली, वय 22, बँकेत नोकरी. पहिली दोन पानं ऑगस्ट 2019 च्या पुराची. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, ते दिवस. अंधारात आलेली नाव, दावणीचं कापलेलं दावं, छतावर काढलेल्या दोन रात्री. लिहिलं होतं जीव ओतून. तिसऱ्या पानापासून वैशाली बँकेत जाते, साहेबाशी भांडते, एकाच्या प्रेमात पडते. पूर पुन्हा कुठंच नाही. ती दोन पानं काढून तिथं दुष्काळाची लावली असती किंवा आईच्या आजारपणाची, तरी पुढची कथा जशीच्या तशी राहिली असती.

मी तसं म्हटलं तर तिला वाईट वाटलं. ‘‘मॅडम, पण बॅकस्टोरी तर दिलीय की.’’

दिली होती, खरंच. पण पात्राला भूतकाळ देणं आणि त्या भूतकाळानं पात्र घडणं ही दोन कामं आहेत, आणि लिहिणारे-वाचणारे आपण सगळेच त्यांची गल्लत करतो. पहिल्याला मी पूर्वकथा म्हणते. दुसऱ्यासाठी आपल्या भाषेत इतका नेमका शब्द आहे की बाहेर शोधायला जायला नको: वळण. ‘आईच्या वळणावर गेलाय’, ‘चांगलं वळण लावलंय पोरांना’, असं आपण रोज बोलतो. आणि अक्षराचं वळण. पहिलीत बाईंनी माझी मूठ आपल्या हातात धरून पाटीवर ‘ळ’ गिरवून घेतला. त्या बाईंचा चेहरा आज डोळ्यांसमोर येत नाही, पाटीची चौकट कसली होती तेही आठवत नाही. पण माझा ‘ळ’ अजून त्यांच्यासारखाच खाली जरा जास्त वळतो. चेहरा आठवणं ही पूर्वकथा. तो ‘ळ’ म्हणजे वळण.

पूर्वकथा घडून गेलेली असते. तिला तारीख असते, गाव असतं, ती चार वाक्यांत सांगता येते. वळणाला तारीख नसते. ते आत्ताच्या हालचालीत असतं: माणूस दार कसं लावतो, ताटात काय ठेवून उठतो, कोणत्या प्रश्नाला गप्प बसतो. आणि बहुतेकदा ते त्या माणसाला स्वतःलाही ठाऊक नसतं.

मी त्या मुलीला विचारलं, ‘‘पुरानंतर तुमच्या घरात कोण बदललं?’’ ती लगेच म्हणाली, ‘‘आज्जी.’’ आषाढ लागला की आज्जी पिठाचा डबा, रेशनकार्ड आणि आजोबांचा फोटो माळ्यावर चढवते. रोज सकाळी चहाच्या आधी विचारते, ‘‘आयर्विनला किती फूट झालं गं?’’ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 ही धोक्याची, हे तिला तोंडपाठ आहे. शाळेचं तोंड न बघितलेली ही बाई कोयनेतून किती क्युसेक सोडलं याचा हिशेब ठेवते. चपाती करायची झाली की सुनेला स्टुलावर चढून डबा काढावा लागतो आणि परत वर ठेवावा लागतो. रोज. त्यावरून घरात कुरबुर होते. आज्जी ऐकून घेते आणि डबा वरच राहतो.

मग तिनं काकाचं सांगितलं. त्याच घरातला, त्याच छतावर त्याच दोन रात्री काढलेला. पाणी वाढायला लागलं की त्याला घरात बसवत नाही. गाडी काढून तो घाटावर जातो, फोटो काढतो, ओळखीपाळखीच्यांना पाठवतो. पूर्वकथा दोघांची अक्षरशः एकच, वळणं दोन. ‘लहानपणी असं झालं म्हणून तो असा झाला’ हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. त्यात ‘म्हणून’ फार स्वस्तात येतं. अनुभव माणसाला ढकलतो, पण कुठल्या दिशेला ते तो अनुभव एकटा ठरवत नाही.

हे सांगलीकरांना घरचंच उदाहरण घेऊन पाहता येईल. वि. स. खांडेकर 1898 साली सांगलीत जन्मले. त्यांच्या ‘ययाति’ कादंबरीत नहुष राजाची मुलं कधी सुखी होणार नाहीत असा शाप आहे. शाप एक, बाप एक. थोरला यती त्या धास्तीनं घर सोडून वैराग्याच्या मागं लागतो, धाकटा ययाति सुखाच्या. दोघं पळतातच, फक्त उलट्या दिशांना. खांडेकरांनी शाप सांगून सोडून दिला असता तर ती पूर्वकथा झाली असती. तो शाप ययातीच्या प्रत्येक हावरेपणात पुन्हा पुन्हा दिसत राहतो, शेवटी तो पोटच्या मुलाकडं तारुण्य मागतो तिथंही.

‘ययाति’ आली 1959 साली. त्याच वर्षी अण्णाभाऊ साठेंची ‘फकिरा’ आली. अण्णाभाऊ 1920 साली वाटेगावात जन्मले. ते गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. ‘फकिरा’मध्ये बापाची गोष्ट आधी येते. गावाला जत्रेचा मान मिळावा म्हणून राणोजी जोगिणी आणायला जातो आणि त्यात मारला जातो. फकिरा त्याचं पोर. आता, वरवर वाचणारा म्हणेल की बापाच्या खुनामुळं मुलगा सूडाला पेटला. पण फकिरा पुढं काय करतो ते बघा: दुष्काळात माणसं उपाशी मरायला लागली तेव्हा तो धान्य लुटतो, सरकारी खजिना फोडतो. बापाकडून त्याला आलंय ते हे, की गावावर वेळ आली तर आपण पुढं व्हायचं. बापानं गावाच्या मानासाठी जीव धोक्यात घातला, मुलगा गावाच्या पोटासाठी घालतो. खून ही पूर्वकथा आहे. हे पुढं होणं वळण आहे. मला विचाराल तर फकिराची उंची या दुसऱ्या गोष्टीत आहे, आणि सूड-सूड म्हणत ती कादंबरी वाचणारे तिला लहान करतात.

पूर्वकथा जवळजवळ नसतानाही वळण दिसू शकतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) शेकूकडं एकच बैल असतो, तर त्याची बायको जुवाला स्वतःचा खांदा लावते. तिचं माहेर कसं होतं, लहानपणी तिनं काय सोसलं, यावर लेखक आपल्याला थांबवून ठेवत नाही. माणदेशात पाऊस हुकला की काय होतं ते आटपाडीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. तो खांदाच बोलतो.

ओळखायचं कसं? मी हेच करते: भूतकाळाची पानं झाकायची आणि उरलेली कथा वाचायची. उरलेल्या पानांत पात्र असं काही करत असेल की ‘हिच्या बाबतीत कधीतरी काहीतरी झालंय’ असं वाटावं, तर वळण आहे. काहीच वाटलं नाही तर झाकलेली पानं कितीही सुंदर असोत, ती पात्राला चिकटलेली नाहीत.

मग पूर्वकथा सांगूच नये का? सांगावी, पण पात्राच्या तोंडून आली तर जास्त बरं. कारण माणूस आपला भूतकाळ कुठून सांगायला लागतो आणि काय गाळतो, तेही त्याचं वळणच. त्या आज्जी पुराची गोष्ट नेहमी म्हशीपासून सुरू करतात. दावं कसं कापलं, म्हैस कशी पोहत गेली, तिसऱ्या दिवशी कुठं सापडली. आजोबा त्याच आठवड्यात गेले. त्यांचं नाव त्या गोष्टीत येत नाही. नातीनं कधीतरी विचारलं, ‘‘आणि आजोबा?’’ तर आज्जी म्हणाल्या, ‘‘म्हैस लई हुशार होती बघ.’’

हे सांगताना मुलगी मध्येच थांबली. आम्हीही कुणी काही बोललो नाही.

तीन आठवड्यांनी ती नवी कथा घेऊन आली. पुराची दोन पानं गेली होती. वैशाली आता पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत. जुलै महिना. ती स्टुलावर चढून पिठाचा डबा माळ्यावर ठेवते. रूममेट विचारते, ‘‘अगं, तिसऱ्या मजल्यावर कुठला पूर येतोय?’’ वैशाली उत्तर देत नाही. खाली उतरते, कागदपत्रांची पिशवी उचलते आणि परत स्टुलावर चढते.

‘पूर’ हा शब्द अख्ख्या कथेत तेवढ्या एकाच ठिकाणी होता.