'आय कन्कर' जड, मग 'यप' कच्चं का?

इंग्रजीतले होकार आपण पटकन दोन गटांत टाकतो. ऑफिससाठी 'आय अ‍ॅग्री', 'आय कन्कर', 'सर्टनली'. मित्रांसाठी 'शुअर', 'टोटली', 'यप'. इथपर्यंत ठीक. घोळ पुढे होतो. जड शब्द वापरला म्हणजे होकार पक्का आणि हलका वापरला म्हणजे वरवरचा, असं आपण धरून चालतो. शब्दाचा थाट आणि होकाराचा पक्केपणा यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

'आय टेक युअर पॉइंट' मीटिंगमध्ये कानाला छान लागतं. पण समोरचा एवढंच म्हणतोय की मुद्दा कळला, आणि बहुतेक वेळा लगेच मागून 'बट' येतोच. उलट, बॉसच्या कटकटीबद्दल बोलताना मित्र 'टेल मी अबाउट इट' म्हणाला, तर तो तपशील विचारत नसतो. 'मला काय सांगतोस, मी रोज तेच भोगतोय' असा तो ठाम दुजोरा असतो. (त्यावर पहिल्यापासून सगळं सांगायला बसणारे महाभाग असतात.) 'फेअर इनफ' मात्र बोलीतलं असून अर्धंमुर्धंच: पटलं असेल-नसेल, वाद नको.

'कन्कर' हा खरा कोर्टातला शब्द. तिथे निकाल मान्य असलेला न्यायाधीश 'कन्कर' म्हणजे सहमत असल्याचं सांगून आपली कारणं वेगळी लिहू शकतो. सर्वोच्च न्यायालयातल्या 2017 च्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं, पण निकालपत्रं लिहिली सहा. मिसळीचं ठिकाण ठरवताना ग्रुपवर 'आय कन्कर' टाकलंत, तर लोक ते गमतीतच घेणार.

आता हलक्या शब्दाचं वजन बघा. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात 2021 मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला पाठवला आणि कन्फर्म करायला सांगितलं. त्याने नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवला. पुढे माल काही दिला नाही. कागद मिळाला एवढंच मला सांगायचं होतं, असं त्याचं म्हणणं. पण आधीच्या सौद्यांना याच माणसाने 'लुक्स गुड', 'ओके', 'यप' एवढंच लिहून माल पोचवला होता. 2023 मध्ये कोर्टाने तो अंगठा सहीसारखा धरला आणि सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. 'अ‍ॅग्री' हा शब्द त्याने कुठेच लिहिला नव्हता.

म्हणून मेल लिहिताना मी आधी बघतो की पोच द्यायची आहे की मंजुरी. वैमानिकांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय: 'रॉजर' म्हणजे निरोप मिळाला, 'विल्को' म्हणजे मिळाला आणि तसं करतो, आणि साध्या 'हो'ला 'अफर्म'. आपल्याकडे 'नोटेड' ही पोच. क्लायंटने वाढीव काम सुचवलं आणि तुम्ही 'शुअर' लिहिलंत, तर तो कामाला लागा असंच समजणार. विचारात घेतो एवढंच म्हणायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा. 'अ‍ॅग्री' लिहिणार असाल तर पुढचं शब्दयोगी जपा. 'विथ द प्रपोजल' म्हणजे प्रस्ताव पटला. 'टू द प्रपोजल' म्हणजे मंजूर. आणि 'आय अ‍ॅम अ‍ॅग्री' ऑफिसातही चुकीचं आणि कट्ट्यावरही.