नेट घरात आलं, कॉम्प्युटर आलाच नाही

विदेश संचार निगमनं 15 ऑगस्ट 1995 रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते मोजक्या महानगरांपुरतं होतं. नाशिककरांची नेटशी गाठ पडली ती पुढे सायबर कॅफेत. प्लायवूडचे आडोसे, लाइट गेली की केकाटणारा यूपीएस आणि तासावर पैसे. मग 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघालं, त्यापाठोपाठ एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर कोर्सचे क्लास गावोगावी उघडले. सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हणून पोरं कोर्स करायची. सरावाला घरी मशीन कुठलं? परीक्षा झाली की माऊस सुटायचा तो सुटायचाच.

घरात कॉम्प्युटर आहे का, हे पहिल्यांदा विचारलं 2011 च्या जनगणनेनं. देशातल्या 9.5 टक्के घरांत तो होता, नेटसकट फक्त 3.1 टक्के घरांत. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीचे 2017-18 चे आकडे आले. नेट 23.8 टक्के घरांत पोचलं होतं, कॉम्प्युटर 10.7 टक्क्यांवरच. मधल्या काळात, सप्टेंबर 2016 मध्ये, जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. म्हणजे घरात आला तो मोबाइल, आणि त्यालाच आपण डिजिटल क्रांती म्हणून मोकळे झालो. त्याच पाहणीत शहरांत 23.4 टक्के घरांत कॉम्प्युटर होता, खेड्यांत 4.4 टक्के. कॉलेज रोडवरून निघून पेठ-सुरगाण्याच्या घाटात शिरलं की हा फरक कळायला आकडे लागत नाहीत. मोबाइलची रेंजच सांगते.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये हे सगळं उघडं पडलं. घरात पोरं दोन, वर्ग दोन, मोबाइल एक. तोही बापाच्या खिशात. बाप कांदा घेऊन लासलगावला गेला की शाळाही त्याच्याबरोबर मार्केटला जायची. गृहपाठ रात्री उघडायचा, तोवर दिवसाचा डेटा संपलेला.

शाळा पुन्हा भरल्या. सरकारी कामं मात्र ऑनलाइनच राहिली. त्याची सुरुवात आधीच झाली होती: 2017 च्या कर्जमाफीचे अर्ज भरायला शेतकरी नवरा-बायको सेवा केंद्रासमोर रांगेत उभे होते. पीक पेरा नोंदवायला 2021 मध्ये ई-पीक पाहणीचं ॲप आलं. अकरावीचा प्रवेश 2025 पासून राज्यभर ऑनलाइन झाला. मोबाइलच्या पडद्यावर तो लांबलचक अर्ज भरून बघा एकदा. म्हणून पोरगी दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घालून तालुक्याला येते. केंद्रवाला भराभर टाइप करतो, शेवटी मान वर करून विचारतो, "ओटीपी सांग." ओटीपी बापाच्या मोबाइलवर गेलेला असतो, आणि बाप शेतात.